परक्या उन्हात राहणारी माणसे

किल्लारीच्या भूकंपाविषयी आपल्या वाचकांना नव्याने काही सांगण्याची आवश्यकता नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपी गेली असता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील घरे कोसळली. सरकारी आकड्यांप्रमाणे सुमारे ८ हजार माणसे दगावली. पुढे ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी वसवावी लागली. श्री. शांतिलालजी मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले, ही हकिकत आपल्या घराघरांत ठाऊक आहे. मला आज लिहावयाचे आहे ते याच काळात परदेशांतून मदतीसाठी आलेल्या आणि मराठवाड्याच्या उन्हात वर्ष-दीड वर्ष राहिलेल्या माणसांविषयी. त्यांच्या कामाचे अहवाल निघाले. परंतु ती माणसे कशी राहिली, काय जेवली, दुपार कशी काढली, हे कोणी लिहून ठेवल्याचे माझ्या वाचनात नाही.

त्या वेळी माझी नेमणूक लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी होती. बँकेच्या खिडकीतून मनुष्य जसा दिसतो तसा तो सभेत दिसत नाही. परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या १९७६ च्या कायद्याप्रमाणे अशी रक्कम ठरवून दिलेल्या एकाच शाखेतील खात्यात घ्यावी लागे आणि तिचा हिशोब केंद्र सरकारला द्यावा लागे. त्यामुळे संस्थांची मोठी खाती शहरांत असत आणि खर्चापुरते पैसे ड्राफ्टने आमच्याकडे येत. ड्राफ्ट वटविण्यास येणाऱ्यांत एका युरोपीय संस्थेची अभियंता बाई होती. वय तिशीच्या आतबाहेर. दर शनिवारी मजुरांचा पगार वाटावयाचा म्हणून तिला दहा आणि वीसच्या नोटा लागत, आणि त्या पुरविता पुरविता आमचे रोखपाल मेटाकुटीस येत.

आपल्याकडील उन्हाळा कोरडा. मुंबईत घाम वाहतो आणि मनुष्य कासावीस होतो. येथे घाम अंगावर ठरतच नाही, त्यामुळे शरीरातले पाणी गेल्याचे कळत नाही. थंड देशातून आलेल्या शरीराला या हवेची सवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात, असे वैद्यकशास्त्र सांगते. पहिल्या आठवड्यातच उत्साहाने दिवसभर उन्हात उभे राहणारे म्हणूनच तिसऱ्या दिवशी सलाईनवर दिसतात. ही बाईही फेब्रुवारीअखेर आली, अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून फिरली आणि मार्चमध्ये चार दिवस अंथरुणास खिळली. त्यानंतर तिने गावाकडे पाहून आपला दिनक्रम बदलला. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, डोक्याला उपरणे, पहाटे पाचला उठणे, सहाला जीप. अकराच्या आत कामावरून परत. दुपारी बंद खोलीत बसून मुख्य कचेरीला पाठवावयाचे अहवाल. संध्याकाळी पुन्हा गावात, कारण सभेला माणसे जमत ती दिवेलागणीनंतरच. परतण्यास रात्रीचे दहा होत.

ती राहत असे आपल्याच समाजातील एका कापड व्यापाऱ्याच्या जुन्या वाड्यात, मागल्या दोन खोल्यांत. दोन हात जाडीच्या भिंती, वर मातीचे माळवद. बाहेर डांबर वितळत असले तरी आत माठासारखा गारवा. भूकंपाच्या पट्ट्यापासून ते गाव दूर असल्याने वाडा शाबूत होता. घरातील आजींनी तिला ठेवून घेताना दोनच अटी सांगितल्या होत्या: अभक्ष्य घरात आणावयाचे नाही आणि कांदा-लसूणही नाही. पहिली अट तिला समजली. दुसरीचे कारण समजण्यास वेळ लागला. त्यातून गंमत अशी झाली की, ऊन लागू नये म्हणून कांदा जवळ बाळगण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. गावातील बायकांनी प्रेमाने तिच्या खिशात कांदा घातला, आणि आजींनी तो दाराबाहेरच्या ओट्यावर काढून ठेवावयास लावला. मग रोज सकाळी निघताना ती ओट्यावरचा कांदा उचलून खिशात टाकी आणि परतल्यावर पुन्हा तेथेच ठेवी. गल्लीतील पोरांना तो एक खेळच झाला होता.

एका बाबतीत मात्र त्या घराचा आणि तिच्या संस्थेचा नियम तंतोतंत जुळला. पाणी उकळून, गाळून प्यावे, ही सूचना संस्थेने तिला छापून दिली होती. आजींच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दुसरे पाणी कोणी प्यालेच नव्हते! परदेशी पाहुण्यांना आपल्याकडे जुलाब, कावीळ, विषमज्वर यांचे भय फार. त्या वाड्यात राहिल्यापासून तिचे पोट बिघडल्याचे मी ऐकले नाही. दुपारी ताक आणि कैरीचे पन्हे, रात्री उशिरा येणार म्हणून सूर्यास्तापूर्वीच झाकून ठेवलेली भाकरी-भाजी. घरच्यांनी रात्री न जेवण्याचा आपला नेम सोडला नाही आणि तिला उपाशीही ठेवले नाही.

याखेरीज एकटेपणाचाही भाग होता. पोलीस अधीक्षकांच्या कचेरीत परदेशी म्हणून नोंदणी, मुदत वाढविण्याचे अर्ज, महिन्याकाठी एस. टी. डी. बूथवरून घरी केलेला फोन, आणि बाहेर पाऊल टाकताच जमणारी गर्दी. लग्न झाले का, पगार किती, आईवडिलांनी एकटीला कसे पाठविले, हे प्रश्न तिला दिवसातून दहा वेळा ऐकावे लागत. एकदा तिने मला विचारले, "साहेब, तुम्ही बँकेत आहात म्हणून विचारते. येथे प्रत्येकाला माझा पगार का जाणून घ्यावयाचा असतो?" मी म्हटले, "बाई, येथे आम्ही जावयालाही विचारतो." तिला ते पटले असे वाटले नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १९९४ चा तो उन्हाळा भूकंपग्रस्तांनी पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये काढला. एप्रिल-मे महिन्यांतील पत्रा म्हणजे काय, हे ज्यांच्या दुकानाचे गोदाम पत्र्याचे आहे त्यांना सांगावयास नको. एका सभेत एका म्हातारीने त्या बाईला सरळ विचारले, "बाई, तू रात्री कुठं निजतीस?" तिने खरे ते सांगितले. म्हातारी म्हणाली, "म्हंजी आमची घरं आमच्यावर पडली, अन् तसल्याच घरात तू गार निजतीस." त्यात रोष नव्हता, असे बाईबरोबर असलेल्या दुभाष्याने मला सांगितले, परंतु तो प्रश्न तिच्या मनातून गेला नाही. वाडा सोडून आपणही शेडमध्ये राहावे काय, असे तिने आजींना विचारले. आजी म्हणाल्या, "राहा की. आठ दिवसांत आजारी पडशील, मग त्यांचं काम कोण करणार?"

माझे मत आजींच्या बाजूचे आहे. मदतीस आलेल्याने दुःखिताइतकेच दुःख सोसावे, ही अपेक्षा ऐकावयास बरी. हिशोबात ती बसत नाही. आजारी कार्यकर्ता म्हणजे दुसऱ्या कोणा रुग्णाची अडविलेली खाट. परंतु म्हातारीच्या प्रश्नात अभियांत्रिकीचा एक खरा पेच होता. गावे उद्ध्वस्त झाली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद यांमुळे. त्याच भिंती आणि तेच माळवद उन्हाळ्यात माणसाला वाचवीत होते. ज्यांनी आपली लेकरे दगडाखालून काढली, ते दगडाचे नाव घेण्यास तयार नव्हते. त्यांना सिमेंटचे पक्के घर हवे होते, आणि ते मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य सरकारने जो पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला, त्यात भूकंपात टिकेल असे घर हाच पहिला निकष होता, आणि तो योग्यच होता. मात्र सरळ रस्त्यांवर ओळीने उभ्या राहिलेल्या त्या घरांत उन्हाचा विचार मागे पडला. ओसरी रुंद करा, छत उंच घ्या, असे ती बाई आपल्या अहवालांत लिहीत राहिली. नमुने आधीच मंजूर झालेले होते. उत्तर येई ते खर्चाच्या मर्यादेचे.

परक्यांनी येथे राहून येथल्या गरजेप्रमाणे काही घडविले, असे मराठवाड्यात पूर्वी झालेले आहे. सत्तरच्या दशकात विंधनविहिरी आल्या, पण त्यांवरचे ओतीव लोखंडाचे हातपंप एका कुटुंबाच्या वापराचे असत. साऱ्या गावाचा भार पडला की मोडत. जालना येथील मिशनच्या पाणीप्रकल्पात राहणाऱ्या परदेशी मंडळींनी हे रोज पाहिले आणि पोलादी, एका खिळीवर चालणारा ‘जालना पंप’ तयार झाला. त्याच वाटेने ‘सोलापूर पंप’ आला, आणि त्यावरून युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क दोन’. हा पंप पुढे आफ्रिकेतील उष्ण देशांतही गेला. उन्हात उभे राहून पाणी शेंदणाऱ्या बाईचे हाल ज्यांनी रोज पाहिले, त्यांच्याच डोक्यात तो प्रश्न घोळत राहिला. केवळ दौऱ्यावर येणाऱ्याला तो सुचला नसता.

भाड्याविषयी दोन शब्द लिहिणे व्यापारी वाचकांसाठी अगत्याचे आहे. संस्था आल्या तशी तालुक्याच्या गावांत घरभाडी भराभर चढली. परदेशी संस्था, डॉलरचा पैसा, कोणास जड जाणार, हा युक्तिवाद मी आपल्या मंडळींच्या तोंडूनही ऐकला. परंतु वाढीव भाडे जाई ते घर बांधण्याच्या रकमेतूनच. कोणत्या तरी विधवेच्या छताचे दोन पत्रे त्यात जात. वाड्याच्या मालकांनी ठरलेले भाडे शेवटपर्यंत बदलले नाही. कोणी विचारले तर "कागद झालाय" एवढेच ते म्हणत. पुढे दीड वर्षाने संस्थेने गाशा गुंडाळला तेव्हा दोन टेबलफॅन आणि एक पाणी गाळण्याचे यंत्र तेथेच सोडले. आजींनी यंत्र परत केले. आमच्याकडे फडके आहे, म्हणाल्या.

निवृत्तीनंतर एकदा भर वैशाखात त्या बाजूस जाण्याचा योग आला. नव्या गावांतील सिमेंटच्या घरांपुढे लोकांनी स्वतःच पत्र्याचे आणि पाचटाचे मांडव घातले आहेत, गच्चीवर चुना फासला आहे, आणि पुनर्वसनाच्या वेळी काठीएवढी असलेली कडुनिंबाची झाडे आता घरावर सावली धरतात. दुपारी माणसे घरात नव्हती. सारी त्या झाडांखाली खाटा टाकून पडली होती.