माशी कुठे शिंकली?

मराठी शिकविणाऱ्या माणसाला ‘पराग’ हा शब्द उच्चारताना जरा बरे वाटते. कमळ, भ्रमर, मंद वारा अशी सगळी मंडळी त्याच्या पाठोपाठ वर्गात येऊन बसतात. गेली वीस वर्षे मी हा शब्द फळ्यावर लिहीत आलो. पण पराग ही खडूच्या भुकटीसारखीच खरीखुरी वस्तू आहे, ती नाकात जाते आणि एखाद्याचा श्वास अडवते, हे मला उमगले ते गेल्या वर्षीच्या कोजागरीला. ती हकीकत सांगायची तर आधी घरची थोडी लाज उघडी करावी लागेल. वाचकांनी सांभाळून घ्यावे; दिवाळीच्या दिवसांत घरचे बोलण्याची या सदराला जुनी खोड आहे.

आम्ही अंकुशनगरला राहतो. अंबड तालुक्यातली ही वस्ती साखर कारखान्याभोवती वाढलेली. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने जालना जिल्ह्याच्या या पट्ट्यात पाणी आणले, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून आमच्यासारखे नोकरदार. पावसाळा सरला की उसाला पांढरे तुरे येतात. पाहुणे त्यांचे फोटो काढतात आणि शेतकरी कपाळाला आठ्या घालतो, कारण तुरा आला की ऊस आतून पोकळ पडू लागतो. याच दिवसांत बांधावर, रस्त्याकडेला, मोकळ्या प्लॉटात बारीक पांढऱ्या फुलांचे गाजर गवत कमरेइतके माजलेले असते. त्याचे फोटो मात्र कोणी काढीत नाही.

आमची धाकटी आता चौदा वर्षांची आहे. अकराव्या वर्षापासून भाद्रपद संपला की तिचे सुरू होई. सकाळी उठल्याबरोबर एकामागून एक दहा-बारा शिंका, डोळे चोळून लाल, नाकाला धार. पुढे पुढे रात्री छातीत मांजर घुरघुरल्यासारखा आवाज येऊ लागला. आम्ही त्याला ‘सर्दी’ म्हणत होतो. अडुळसा झाला, सुंठ झाली, वाफारा झाला. आमच्या वडील बहिणीने, अक्काने, हैदराबादेस मृगाला जिवंत मासळीच्या तोंडातून औषध देतात तेही सुचविले. मराठवाड्यातून त्यासाठी जाणारे पुष्कळ. गुण येतो असे शास्त्राने अजून कधी दाखविलेले नाही. पोरीने मासा गिळायला साफ नकार दिला, तेवढे एक बरे झाले.

एका डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच ‘दमा’ हा शब्द उच्चारून पंप लिहून दिला होता. घरी आल्यावर अक्का म्हणाली, “मुलीची जात आहे, दादा. हा शब्द उंबऱ्याबाहेर काढू नकोस. उद्या स्थळं यायची आहेत.” आणि मी, एम. ए. झालेला माणूस, गप्प बसलो. पंपाची सवय लागते, असेही कोणी तरी सांगितलेच होते. तो पंप कपाटात हिच्या साड्यांमागे गेला.

शत्रूचा शोध मात्र मी मोठ्या हिरिरीने चालविला होता. माशी नेमकी कुठे शिंकते आहे? झेंडू, शेवंती यांना घरात बंदी झाली. खिडकीखाली रातराणी होती. वास डोक्यात जातो म्हणून ती मी स्वतः मुळासकट उपटली. शिंका थांबल्या नाहीत.

कोजागरीला वसाहतीतली सारी मंडळी गच्चीवर दूध आटवीत बसली होती. वारा कोरडा होता. अकराच्या सुमारास धाकटी खोकत खाली गेली. ही तिच्यामागे गेली आणि दोन मिनिटांत तिची हाक आली. पोरगी पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसली होती, खांदे वर उचललेले, एक वाक्य पुरे बोलता येईना. “बाबा” म्हणून ती थांबली. आम्ही साड्या उपसून पंप काढला, तर तो रिकामा! शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखाना गाठेपर्यंत मी काय काय बोललो ते मला आठवत नाही. ही मात्र एक शब्द बोलली नाही.

पहाटे तिचा श्वास खाली बसल्यावर डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. “सर, तीन वर्षं तुम्ही जिला सर्दी म्हणताय, तिच्यात ताप नाही, अंगदुखी नाही आणि दरवर्षी ती त्याच महिन्यांत येते. अशी पंचांग पाहून येणारी सर्दी कुठे असते का?”

इंग्रजांनी या विकाराला ‘हे फीव्हर’ म्हणजे वाळल्या गवताचा ताप असे नाव दिले. वास्तविक त्यात वाळले गवतही नाही आणि तापही नाही. पण चुकीचे का होईना, नाव तर आहे! आम्ही ती सर्दीच्या खाती जमा करतो. लंडनच्या जॉन बोस्टॉक या वैद्याने 1819 साली स्वतःचेच दुखणे प्रथम नीट वर्णन केले, आणि पुढे कित्येक वर्षे शोधून त्याला जेमतेम 28 रोगी सापडले. आज जगात शंभरांत दहा ते तीस माणसांना ॲलर्जीचा नाकाचा त्रास असल्याचा अंदाज आहे. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीने परागाचे कण स्वतःच्या नाकात आणि कातडीवर घालून पाहिले, चिकट काचपट्ट्या पतंगाला बांधून आभाळात सोडल्या, आणि 1873 साली पुस्तक लिहून सांगितले की माशी शिंकते ती इथे.

आमच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या स्नेह्यांनी हाच प्रयोग पतंगाविना केला. व्हॅसलीन फासलेली काच एक दिवस आमच्या गच्चीच्या कठड्यावर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली मला दाखविली. गवतांचे गुळगुळीत गोल कण होते, आणि काटेरी चेंडूंसारखे कितीतरी. “हे गाजर गवत,” ते म्हणाले. “तुमची रातराणी बिचारी निर्दोष होती. रंग आणि गंध हे किड्यांना दिलेलं आमंत्रण असतं. त्या फुलांचा पराग जड आणि चिकट, तो फारसा उडत नाही. ज्याला भ्रमराची गरज नाही तो पराग वाऱ्यावर सोडावा लागतो, म्हणून तो बेसुमार तयार होतो.” गाजर गवताच्या एका झाडापासून 62 कोटींवर परागकण निघतात, अशी बंगळुरूच्या अभ्यासकांची मोजणी आहे. हरळीच्या फुलावर कोणा कवीने दोन ओळी लिहिल्याचे मला तरी आठवत नाही. आम्ही गुणगान केले त्यांचे, आणि उपटले तेही त्यांनाच!

हे गवत मूळचे अमेरिका खंडातले. पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर त्याची तुरळक झाडे दिसली, आणि आर. एस. राव यांनी 1956 साली त्याची नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या गव्हाबरोबर ते आले असे सर्रास सांगतात. देशात त्याआधीही त्याच्या तुरळक नोंदी आहेत. पुण्याच्या डॉक्टरांनी 1974 च्या सुमारास त्याने उठणाऱ्या कातडीच्या रोगाविषयी लिहिले. बंगळुरूत 1991 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नाकाच्या विकाराच्या 34 टक्के आणि दम्याच्या 12 टक्के रोग्यांच्या कातडीने या परागाला जबाब दिला होता. धाकटीची तशी चाचणी आम्ही संभाजीनगरला करविली. हातावर टिपक्यांची रांगोळी काढली आणि गाजर गवत व हरळी या दोन टिपक्यांवर पित्तासारख्या गांधी उठल्या.

अख्खा परागकण बहुधा नाकातच अडतो. पण नाक आणि छाती ही एकाच वाड्याची ओसरी आणि माजघर; ओसरीवर रोजचे भांडण चालले की माजघरात शांतता राहत नाही. शिवाय ओलाव्याने कण फुगून फुटले तर त्यांचा चुरा थेट खाली उतरतो. 21 नोव्हेंबर 2016 रोजी ऑस्ट्रेलियात मेलबर्नवर वादळ आले आणि काही तासांत हजारो माणसे धापा टाकीत दवाखान्यांत लोटली. दहा जण दगावले. त्या हजारोंतल्या पुष्कळांना दमा असल्याचे कधी ठाऊकच नव्हते, नुसत्या शिंका होत्या. आपल्या चरकाने तमक श्वास ढगाळ हवेत, थंडीत आणि पूर्वेकडच्या वाऱ्याने वाढतो असे लिहून ठेवले आहे. म्हणून त्याला परागकण ठाऊक होते असे म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. पण त्याने रोग्याकडे डोळे उघडून पाहिले होते. शरद पौर्णिमेला चांदण्यातल्या खिरीतून दम्याचे औषध देण्याची चाल आहेच. हा ऋतू दमेकऱ्याला कठीण जातो हे जुन्यांनी हेरले असावे. मी त्याच रात्री लेकीला गच्चीवर बसविले होते.

डॉक्टरांनी सांगितलेला एक आकडा मला अजून झोपू देत नाही. 2019 च्या अंदाजाप्रमाणे भारतात साडेतीन कोटींच्या आसपास दमेकरी आहेत, जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के. पण दम्याने होणाऱ्या जगातल्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून अधिक एकट्या आपल्या देशात होतात. “आपला दमा काही वेगळा नाही, सर,” ते म्हणाले. “आपण धाप लागली की तेवढ्यापुरता पंप ओढतो. आतली सूज उतरविणारा जो पंप रोज घ्यायचा, तो घेत नाही. लोकांना दिसेल ना!” रोजच्या पंपातल्या औषधाचे माप मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात, आणि ते जाते थेट छातीत. सवय लागते ती म्हणे श्वास घेण्याची.

यंदा आम्ही आषाढातच, गवत फुलावर यायच्या आधी, हातमोजे घालून आजूबाजूचे प्लॉट उपटून काढले. सारा तालुका काही उपटता येत नाही. बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी मेक्सिकोहून आणून 1984 साली सोडलेले भुंगे हे गवत खातात आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने ते शेतकऱ्यांना दिलेही आहेत. पण भुंग्याचे पोट ते केवढे! सकाळच्या वाऱ्यात खिडक्या मिटतात, दिवाळीच्या धुरापासून धाकटी लांब राहते, आणि दोन्ही पंप आता देवघराशेजारच्या फळीवर, सर्वांना दिसतील असे असतात. शिंका थोड्या येतात. यंदाच्या कोजागरीला ती मैत्रिणींत बसून दूध प्याली. आपल्याला दमा आहे हे तिनेच त्यांना सांगून टाकले होते.

भाऊबीजेला अक्का येते. गेल्या वर्षी आली तेव्हा तिने फळीकडे पाहून नाक मुरडले होते. कोजागरीचे सगळे ऐकूनही ती काही बोलली नाही. रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा माजघरात दिवा दिसला. थंडीच्या दिवसांत अक्का उशा रचून बसून झोपते. ‘वात आहे’ म्हणते. तीस वर्षे आम्ही सगळे ते ऐकत आलो आहोत. धाकटी तिच्याजवळ बसली होती, आणि अक्का हलक्या आवाजात तिला विचारीत होती,

“हे तोंडात कसं धरायचं गं, बाई?”