आयकॉनसाठी सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी हे वाचा



"सर, वेबसाईटसाठी आयकॉन बनवायचाय, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच. माझं मत सरळ आहे. सुरुवातीला त्यात एक रुपयाही घालू नका.

पहिली गोष्ट, लोगो म्हणजे आयकॉन नव्हे. बोर्डावर दुकानाचं पूर्ण नाव, समई, कमान सगळं शोभतं. पण ब्राउझरच्या टॅबवर तुम्हाला मिळतात १६ बाय १६ पिक्सेल, म्हणजे एकूण २५६ ठिपके. तिथे तोच लोगो टाकला की नुसता चिखल दिसतो. व्हॉट्सअॅपवर तर फोटो गोल कापला जातो, कोपऱ्यातलं अक्षर गेलंच समजा. गिऱ्हाईक चॅटच्या यादीत तुम्हाला शोधतं ना, तेव्हा ते वाचत बसत नाही. रंग आणि आकार बघून बोट ठेवतं. म्हणून एक अक्षर किंवा एक वस्तू, दोन रंग, बास!

१९८४ च्या मॅकिंटॉशचे आयकॉन सुझन केअर यांनी आधी चौकटीच्या वहीत घरं भरून काढले होते, ३२ बाय ३२ मध्ये. तुमच्या घरी पोरांची चौकटीची वही असेलच.

मग इंकस्केप उतरवून घ्या. फुकट आहे, २००३ पासून चालू आहे. यात चित्र ठिपक्यांनी नाही, रेषांच्या गणितानं साठवलं जातं, त्यामुळे मूळ एसव्हीजी फाईल एकच ठेवायची आणि त्यातून टॅबसाठी ३२ चं, प्ले स्टोअरसाठी ५१२ चं असं हवं ते पीएनजी काढायचं. आयसीओ फाईल लागली तर गिंप आहे, तेही फुकट. प्रत्येक लेयरला वेगळा साईज दिला की सगळे एकाच फाईलमध्ये बसतात. आयकॉफेक्ससारखं पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर रोज आयकॉन बनवणाऱ्याला परवडतं. आपल्याला वर्षातून एकदा लागणार!

कॅनव्हा? पोस्टरसाठी मी पण वापरतो. पण त्यातलं तयार चित्र उचलून आयकॉन करू नका. तेच चित्र शेजारच्या दुकानदारालाही मिळतं, आणि तयार चित्रं वापरून ट्रेडमार्क घ्यायला कॅनव्हाचे नियमच परवानगी देत नाहीत. धंदा वाढल्यावर हे टोचतं.

डिझायनरकडून करून घेणार असाल तर शेवटचा हप्ता एसव्हीजी हातात आल्यावरच द्या. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका ताईंचा लोणच्याचा धंदा आहे. त्यांच्याकडे फक्त व्हॉट्सअॅपवर आलेला जेपीईजी होता आणि डिझायनरचा फोन बंद. बरणीचं लेबल मोठं छापायची वेळ आली, तेव्हा प्रेसवाला म्हणाला, "हे फाटतंय, ओरिजिनल आणा." सगळं पुन्हा काढावं लागलं, दुसऱ्यांदा पैसे मोजून.

आज दुकान बंद केल्यावर एवढं करा: तुमचा लोगो १६ पिक्सेलचा करून मोबाईलवर घ्या आणि घरातल्या कुणालाही विचारा, हे काय आहे?