वकिलाच्या घराचें दार

रात्रीं अकरा वाजतां पक्षकारासाठीं दार उघडणारा, भरल्या ताटावरून उठून फोन घेणारा वकील तोच खरा कर्तव्यनिष्ठ, अशी समजूत आपल्या सुशिक्षित समाजांत रूढ आहे. ती वकिलाच्या कुटुंबास जितकी जाचक, तितकीच पक्षकारास घातक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

वकील हा पक्षकाराचा चाकर नव्हे. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टान्वयें बार कौन्सिल ऑफ इंडियानें केलेल्या नियमांत, वकिलानें स्वतःस पक्षकाराचें केवळ तोंड समजूं नये, स्वतःची विवेकबुद्धि वापरावी, आणि गैर मार्गाचा हट्ट न सोडणाऱ्या पक्षकाराचें काम नाकारावें, असें बजाविलें आहे. आतां ज्याला "उद्यां कचेरींत या" एवढेंहि म्हणवत नाहीं, तो "खोटें प्रतिज्ञापत्र मी करणार नाहीं" हें कोणत्या बळावर म्हणणार? नकाराची संवय लहान गोष्टींतच जडते.

कोणी म्हणेल, संकट का घड्याळ पाहून येतें? प्रश्न रास्त आहे. अटक झालेल्यास आपल्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क घटनेच्या २२ व्या अनुच्छेदानें दिला आहे. त्याच्या हांकेला जो वकील झोपून राहील, त्याची बाजू आम्ही घेणार नाहीं. परंतु भाऊबंदकीच्या दाव्याची पुढची तारीख मध्यरात्रीं विचारणें हें संकट नव्हे. खऱ्या हांकेस ताज्या बुद्धीनें धांवतां यावें, म्हणूनच असल्या हांका थोपविल्या पाहिजेत.

शिवाय पक्षकाराचें गुपित राखण्याचें जें बंधन १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें वकिलावर घातलें होतें, तेंच २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि कायम आहे. दिवाणखान्यांत, चहा घेऊन येणाऱ्या माणसांदेखत, एखाद्या घटस्फोटाची हकीकत ऐकणें हें त्या बंधनास कितपत शोभतें?

आणि दोष एकट्या पक्षकाराचा नाहीं. वकीलपत्र घेतांनाच भेटीची वेळ कोणती, तातडीचें काम कशास म्हणावें, हें सांगण्याचा संकोच वकील करतो; त्या संकोचाची किंमत मात्र घरचीं माणसें भरतात. मुलें दबक्या आवाजांत बोलूं लागतात, तेव्हां त्या घराची कचेरी झाली असें खुशाल समजावें.

आमच्या वकीलबंधूंस आमचें एवढेंच सांगणें आहे : दारावर वेळेची पाटी लावा, आणि ती प्रथम स्वतः वाचा.