सबमिशन पुढे ढकलता येतं, बाळंतपण नाही!

२०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा आपण शाळेत होतो. परीक्षा रद्द झाल्या, आपण खूश! पण जिला सातवा महिना लागला होता, तिने काय रद्द करायचं?

कागदावर सगळं ठीक होतं. गरोदर बायकांना अत्यावश्यक सेवा नाकारू नका, असं केंद्र सरकारने मे २०२० च्या सूचनांमध्ये सांगितलं होतं. पण दवाखान्यात जायचं कसं? एसटी बंद, सर्वसामान्यांसाठी लोकल बंद. घरी येऊन विचारपूस करणाऱ्या आशाताई कोविडच्या सर्वेक्षणाला जुंपलेल्या. त्यात भीती, की तिथे गेलं तर लागण होणार.

कोणी म्हणेल, एक तपासणी चुकली तर काय आभाळ कोसळतं? कोसळू शकतं! गरोदरपणात बीपी वाढलं तरी कित्येकदा काहीच जाणवत नाही. पट्टा बांधून मोजलं तरच कळतं. झटके आल्यावर कळून काय उपयोग? एप्रिल २०२० मध्ये ई-संजीवनीवर घरबसल्या डॉक्टर भेटू लागले, छानच झालं. पण व्हिडिओ कॉलवर हिमोग्लोबिन मोजता येत नाही ना!

सिएरा लिओनमध्ये २०१४-१५ ला इबोलाची साथ होती. बायका दवाखान्यात जाईनाशा झाल्या. एका अभ्यासाच्या अंदाजानुसार तिथे त्यामुळे माता, नवजात बाळं आणि मृतजन्म मिळून सुमारे ३,६०० जादा मृत्यू झाले. इबोलाने थेट घेतलेले बळी जवळपास तेवढेच!

मग साथीत हे जमणारच नाही का? जमतं. मुंबईचं नायर हॉस्पिटल २०२० मध्ये कोविड हॉस्पिटल झालं, आणि तिथेच शेकडो कोविडग्रस्त आयांची बाळंतपणं झाली.

माझं मराठी कॉन्व्हेंटछाप, तेव्हा सरळच सांगते. लोडशेडिंग करतानाही हॉस्पिटलचा फीडर शक्यतो कोणी बंद करत नाही. गरोदर बायकांची तपासणी तशीच हवी. प्रत्येक तालुक्यात तापाच्या रुग्णांपासून वेगळी जागा, ठरलेली गाडी, आणि बीपीचं मशीन घेऊन घरी जाणारी एक तरी नर्स, जिला साथीच्या दुसऱ्या कामाला लावायचंच नाही. यात रॉकेट सायन्स कुठे आहे? फक्त प्लॅनिंग आहे, आणि ते साथ येण्याआधीच करायला हवं.

पुढची साथ कधी येईल कोण जाणे. आपल्याला तेव्हाही एक्स्टेन्शन मिळेल. पोटातलं बाळ मात्र डेडलाइन पाळणारच!