परत आलेल्यांची नावे कोठे आहेत?

(द्वितीय वर्ष, कला)

युद्धात पडलेल्या सैनिकाचे नाव शोधणे आज फारसे अवघड राहिलेले नाही. १९१७ साली स्थापन झालेली आणि आज ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन’ म्हणून ओळखली जाणारी संस्था दोन्ही महायुद्धांतील मृतांची यादी ठेवते. ती यादी आता कोणालाही घरबसल्या पाहता येते. भारतीय सैनिकाच्या नोंदीत पुष्कळदा वडिलांचे नाव आणि गावही असते. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही, पण इटलीतील कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे आणि माणगावला पुतळाही आहे. हे योग्यच झाले.

पण जो जिवंत परत आला त्याचे काय? १९३९ साली सुमारे दोन लाखांची असलेली भारतीय सेना १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेली. त्यांपैकी सुमारे ८७ हजार मृत्युमुखी पडले. उरलेले बहुतेक सारे आपापल्या गावी परतले. त्यांचे नाव कोणत्याही दगडावर नाही. मेला तर नाव राहते आणि जगला तर पुसले जाते, हा कोणता न्याय?

माझे पणजोबा अशा परतलेल्यांपैकी एक. मराठा पलटणीतून ते इटलीत गेले, १९४६ साली घरी आले आणि पुढे जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबले. लढाईविषयी ते फारसे बोलत नसत, असे आजोबा सांगतात. त्यांची एकच वस्तू घरात उरली आहे. ती म्हणजे ‘इटली स्टार’ हे सहा टोकांचे पदक. आमच्या देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी ते ठेवलेले असते. आजी त्याला ‘मामंजींचा बिल्ला’ म्हणते आणि दर दसऱ्याला टाकांबरोबर चिंचेने घासते. मागच्या बाजूला बारीक अक्षरे आहेत, हे घरात सर्वांना माहीत होते. पण ती इंग्रजी! आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. तेव्हा ती अक्षरे वाचणारीही मीच पहिली ठरले. सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण, एवढा मजकूर आमच्या देवांच्या शेजारी पाऊणशे वर्षे न वाचता पडून होता.

या अक्षरांचे मोल मला नंतर कळले. दुसऱ्या महायुद्धातील पदके ब्रिटिश सैनिकांना नाव न कोरता देण्यात आली. भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र नाव-नंबर ठोकलेला असे. आणि शोधाची खरी किल्ली नंबर हीच आहे. कारण सैनिकाची सेवानोंद त्याच्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयात असते, आणि एका नावाचे अनेक जवान असू शकतात. शिवाय कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे नावाचे इंग्रजी स्पेलिंग झालेले असते. जिल्हेही बदलले. आजच्या सांगलीकराने आपला माणूस जुन्या सातारा जिल्ह्यात शोधावा, रायगडकराने कुलाब्यात आणि सिंधुदुर्गकराने रत्नागिरीत.

नंबर हाती आल्यावर मी एका कार्यालयाला पत्र लिहिले. उत्तर आले की डिस्चार्जचे कागद जोडावेत. ते कागद घराच्या गळक्या कौलांखाली केव्हाच कुजून गेले. म्हणजे कागद मिळवण्यासाठी आधी कागद हवा! ज्यांच्या घरात कपाट नव्हते, त्यांनी कागद कोठे जपावेत, हा प्रश्न त्या छापील उत्तराला पडत नाही.

काही मित्र मला विचारतात, “इंग्रजांसाठी लढलेल्यांचा एवढा पुळका कशाला?” प्रश्न रास्त आहे. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने भारतीय नेत्यांना न विचारता हिंदुस्थानला युद्धात ओढले. आणि ज्या सातारा जिल्ह्यातून जवान इटलीला जात होते, त्याच जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते. यांतले कोण मोठे, हे मी सांगणार नाही. प्रतिसरकारातील वीरांचा मान त्यांचाच आहे. परंतु जो पोटासाठी भरती झाला, त्याला पुसून टाकल्याने तो मान वाढत नाही. उलट एका पिढीने पोटासाठी काय काय केले, हे कळण्याचा मार्गच बंद होतो. गौरव नको असेल तर नसो, पण नोंद तरी हवी. इतिहास हा केवळ पूजेचा विषय नव्हे.

नोंद ठेवता येते, याचे उदाहरणही आहे. पहिल्या महायुद्धातील पंजाबच्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. २०२१ पासून त्या संगणकावर लोकांसाठी खुल्या होऊ लागल्या. कार्यालयांनी जुन्या याद्या अशाच खुल्या कराव्यात, अशी मागणी आपण केलीच पाहिजे.

पण मागणी करून हातावर हात ठेवून बसणे बरे नव्हे. आपले कॉलेज खेड्यापाड्यांतील मुलामुलींचे आहे. आपल्यापैकी कितीकांच्या घरी ट्रंकेत, माळ्यावर किंवा देव्हाऱ्यात असा एखादा बिल्ला असेल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्यातला एक दिवस या कामाला देता येणार नाही काय? प्रत्येकाने आपल्या गावातील अशा सैनिकाचा नंबर, पलटण, वडिलांचे नाव, जुना तालुका आणि घरात सांगितली जाणारी हकिगत एका पानावर लिहावी. इतिहास विभागाने ती पाने एका नोंदवहीत जपावीत. प्राध्यापकांनी आम्हांला अर्ज कसा लिहावा ते शिकवावे. यासाठी अनुदान लागत नाही.

पण घाई मात्र हवी. माझे आजोबा सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. आपल्या वडिलांचा आवाज ऐकलेली ही शेवटची पिढी आहे. त्यांच्यामागून कार्यालयाचे दार उघडले, तरी विचारायचे काय, हेच आपल्याला ठाऊक नसेल. आपल्याला अक्षर आले आहे. ते परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत जेवढे खर्ची पडते, त्यातले थोडे तरी ज्यांना ते वाचता आले नाही, त्यांच्यासाठी खर्च व्हावे, असे मला मनापासून वाटते.