शुश्रूषा करणारांची शुश्रूषा

कोल्हापूर जिल्ह्यांतील एका वाचक भगिनीचें पत्र या महिन्यांत आमच्याकडे आलें आहे. पत्र लांब आहे. त्यांतील खासगी भाग गाळून प्रश्नापुरता सारांश येथें देतों. त्यांची धाकटी सून परिचारिका आहे. एका मदत-संस्थेमार्फत ती परदेशांतील युद्धग्रस्त मुलखांत शस्त्रक्रियेच्या रुग्णालयांत वर्षभर काम करून परत आली. ती सुखरूप यावी म्हणून घरांत जोतिबाला नवस बोलला होता. तो फेडण्यासाठीं चैत्री पौर्णिमेला सारें कुटुंब वाडी रत्नागिरीस गेलें. सासनकाठ्या नाचत होत्या, डोंगर गुलालानें न्हाला होता, चांगभल्याचा गजर चालला होता. सायंकाळीं पालखी यमाईच्या भेटीस निघाली, सलामीची तोफ उडाली, आणि सूनबाई मटकन खालीं बसल्या. कानांवर हात, अंगाला दरदरून घाम, कोणी हांक मारली तर ओळख देईनात. कोणी म्हणालें दृष्ट लागली, कोणी म्हणालें देवाचें कांहीं राहिलें असेल, आणि घरांतलेच एक शिकलेसवरलेले गृहस्थ म्हणाले, "जिनें वर्षभर रक्ताचे पाट पाहिले तिला तोफेचें भय कसलें? सारें नाटक आहे." त्या दिवसापासून तिला रात्रीं झोंप नाहीं, आणि तरीहि ती म्हणते कीं, मला पुन्हां त्या कामावर जावयाचें आहे. आम्ही काय करावें, असा या भगिनींचा प्रश्न आहे.

प्रथम त्या गृहस्थांचें समाधान करूं. कारण दृष्ट काढल्यानें फारसा अपाय होत नाहीं, पण 'नाटक' या एका शब्दानें फार होतो. जिनें वर्षभर स्फोटांचे आवाज ऐकले, आणि आवाजामागून घटका-अर्ध्या घटकेंत रक्तबंबाळ माणसें दारांत आलेलीं पाहिलीं, तिच्या शरीरानें एक धडा पाठ करून ठेवला आहे: आवाज झाला कीं सावध व्हावयाचें. तेथें या धड्यावर कित्येकांचे प्राण अवलंबून होते. जोतिबाच्या डोंगरावर त्याचें काम नाहीं हें तिच्या बुद्धीला कळतें, परंतु शरीराला तें कळण्यास वेळ लागतो. छाती धडधडणें, घाम फुटणें, भोंवतालचें भान सुटणें हें बुद्धीच्या परवानगीवांचून घडतें. पहिल्या महायुद्धांत सैनिकांच्या या अवस्थेला 'शेल-शॉक' म्हणूं लागले, आणि आरंभीं पुष्कळांना भित्रेपणाचा दोष देण्यांत आला. पुढें स्कॉटलंडांतील क्रेगलॉकहार्टच्या लष्करी रुग्णालयांत डॉ. रिव्हर्स यांच्यासारख्यांनीं त्यांना माणुसकीनें वागवून, बोलतें करून उपचार केले. तो विचार मात्र बहुतांशीं सैनिकांपुरताच राहिला. सैनिकाची जखम बांधणाऱ्या हातामागच्या मनाचें काय होतें, हें पुढें बराच काळ फारसें कोणीं विचारलें नाहीं.

जोतिबा हें रणांगणावर जाणाऱ्यांचें दैवत. रत्नासुराचा वध करणारा देव अशी त्याची कथा आहे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचें तें कुलदैवत, आणि आजचें देऊळहि राणोजी शिंद्यांनीं १७३० सालीं बांधविलेलें. या भागांतील ज्या घरांतून मुलगे पलटणींत जातात, तेथें मुलगा दूरदेशाहून आला म्हणजे उंबऱ्याबाहेर त्याच्या पायांवर पाणी घालावयाचें, भाकरतुकडा ओवाळून टाकावयाचा, आणि मग आंत घ्यावयाचें, असा रिवाज आहे. त्यांत भोळेपणा असेल. पण बाहेरचें बाहेर राहिलें, आतां तूं घरांत आहेस, असें साऱ्या घरानें त्याला सांगणेंहि त्यांत आहे. डॉक्टर किंवा परिचारिका युद्धांतून परत आली तर आपण काय करतों? शालजोडी देतों, भाषणास उभें करतों, वर्तमानपत्रांत फोटो छापवितों, आणि 'तुम्ही देवमाणूस' म्हणतों. शब्द गोड आहे खरा. परंतु देव म्हटल्यावर त्याला भूक, झोंप, भीति कांहींच उरत नाहीं, आणि तक्रार करण्याचा हक्कहि उरत नाहीं.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट आपण याच शब्दांत सांगत आलों. सोलापूरचे कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजीं जन्मले व मुंबईस वैद्यक शिकले. जपानशीं झुंजणाऱ्या चीनच्या मदतीस राष्ट्रसभेनें १९३८ सालीं पांच डॉक्टरांचें पथक धाडलें, डॉ. अटल प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि कोटणीस. त्या देशांत पाऊल ठेवून थोडेच महिने झाले होते, तोंच वडील वारल्याची बातमी त्यांस तेथें मिळाली. ते परतले नाहींत. पुढें पथकांतील मंडळी एकेक करून स्वदेशीं आली. कोटणीस मागें राहिले. १९४० मधील एका लढाईंत त्यांनीं ७२ तास न झोंपतां शस्त्रक्रिया केल्या, ८०० च्या वर जखमींवर उपचार केले, असें त्यांच्या चरित्रांतून सांगितलें जातें. १९४१ सालीं ते बेथ्यून यांच्या नांवाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. हे नॉर्मन बेथ्यून कॅनडाचे शस्त्रवैद्य; शस्त्रक्रिया करतांना बोट कापलें, त्यांतून रक्तांत विष भिनलें, आणि १९३९ च्या नोव्हेंबरांत ते चीनमध्येंच वारले होते. ज्या खुर्चीवर आपण बसलों तिचा इतिहास कोटणीसांना ठाऊक नव्हता असें कसें म्हणावें? १९४१ मध्येंच त्यांनीं परिचारिकांना शिकविणाऱ्या कुओ छिंगलान यांच्याशीं विवाह केला. पुढल्या वर्षीं मुलगा झाला, त्याचें नांव भारत आणि चीन या दोन्ही देशांच्या नांवांवरून यिनहुआ ठेवलें. तें मूल चार महिन्यांचेंहि झालें नव्हतें, तोंच ९ डिसेंबर १९४२ रोजीं अपस्माराच्या झटक्यांनीं कोटणीसांचा अंत झाला. वय अवघें ३२.

कोल्हापूरच्या व्ही. शांतारामांनीं १९४६ सालीं त्यांच्यावर चित्रपट काढला व कोटणीसांची भूमिका स्वतः केली. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीनें तो पाहून डोळे पुसले. तें योग्यच होतें. परंतु आजच्या वैद्यकाच्या दृष्टीनें हीच हकीकत वाचली, तर डोळे दुसऱ्या ठिकाणीं थबकतात. अपस्मार हा मेंदूचा विकार आहे. मनाच्या दुबळेपणाशीं त्याचा संबंध नाहीं, आणि केवळ जागरणानें कोटणीस गेले असें म्हणणेंहि शास्त्राला धरून होणार नाहीं. तथापि ज्याला असे झटके येतात त्याला अपुरी झोंप व अतिश्रम घातक, हें आज साध्या डॉक्टरासहि ठाऊक आहे. त्या ७२ तासांची गोष्ट ऐकून आपण टाळ्या वाजवितों. त्यांना हाताला धरून बिछान्यावर नेणारें तेथें कोण होतें? वडिलांचें दुःख कोणापाशीं बोलावें असा आपल्या भाषेचा एक तरी माणूस शेवटपर्यंत जवळ होता काय? त्या डोंगराळ मुलखांत डॉक्टर थोडे आणि जखमी अपार. तेव्हां दोष कोणासहि द्यावयाचा नाहीं. पण नाइलाजानें जें घडलें तेंच आदर्श म्हणून मुलांपुढें ठेवण्याची आपली खोड बरी नव्हे. योगायोग असा कीं, १९९२ पासून जो जागतिक मानसिक आरोग्य दिन पाळला जातो, तोहि १० ऑक्टोबरच, म्हणजे कोटणीसांचा जन्मदिवस.

येथवर डॉक्टरांविषयीं झालें. परिचारिकेचें ओझें आणखी निराळें असतें. पुण्याच्या सेवासदनानें (स्थापना १९०९) रमाबाई रानड्यांच्या देखरेखीखालीं ससून रुग्णालयांत मुलींना शुश्रूषेचें शिक्षण देवविलें, तेव्हां आपल्याच घरांतून नाकें मुरडलीं गेलीं होतीं. आज मुरडत नाहीं इतकेंच, पण तिचें काम दुय्यम, ही समजूत अद्याप गेलेली नाहीं. शस्त्रवैद्य शस्त्रक्रिया आटोपून दुसऱ्या टेबलाकडे वळतो. रात्रभर उशाशीं बसते ती परिचारिका. शेवटचें पाणी तिच्या हातून, शेवटचा शब्द तिच्या कानांत. आणि युद्धांतील सर्वांत क्रूर गोष्ट म्हणजे निवड. रक्ताची एक पिशवी आणि माणसें तीन, तेव्हां कोणाला द्यावयाची हें कोणी तरी ठरवितें, आणि उरलेल्या दोघांकडे पाहत राहण्याचें काम तिच्याकडे येतें. ज्या नीतीवर आपण वाढलों तिच्याविरुद्ध वागणें भाग पडलें कीं जी आंतून चिरफाड होते, तिला अलीकडचे मनोवैद्य नैतिक जखम म्हणतात. ही भीति नव्हे. ही अपराधी भावना आहे, आणि 'तुझा कांहीं दोष नाहीं' एवढ्या एका वाक्यानें ती जात नाहीं.

मन सांभाळण्याच्या गोष्टी बोलण्यापूर्वीं एक कबूल केलें पाहिजे. ज्या रुग्णालयावर बॉंब पडतो तेथें समुपदेशक बसवून काय उपयोग? ३ ऑक्टोबर १९१५ नव्हे, २०१५ सालीं, आपल्या डोळ्यांदेखत, अफगाणिस्तानांतील कुंदूझ येथें मेदसाँ साँ फ्राँतिएर या संस्थेच्या रुग्णालयावर अमेरिकन विमानानें मारा केला. ४२ माणसें मेलीं, त्यांत १४ त्या संस्थेचे सेवक होते. पुढल्या वर्षीं मे महिन्यांत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीनें रुग्णालयांच्या रक्षणाविषयीं ठराव केला. त्यानंतरहि रुग्णालयें पडतच राहिलीं. आणि परदेशाहून आलेल्याला निदान परत जाण्यास घर असतें. तेथल्याच परिचारिकेला तेंहि नसतें. फार लांब जावयास नको. आपल्या गडचिरोलींत भामरागड-एटापल्लीकडे १९८० नंतरचीं कित्येक वर्षें सशस्त्र संघर्षांत गेलीं. औषधांची पिशवी खांद्याला लावून पाड्यापाड्यांतून हिंडणारी सेविका दोन्ही बंदुकांच्या मधून चालत असे, आणि रात्रीं निजावयास त्याच गांवीं जात असे. तिचा सत्कारहि कोणीं केला नाहीं.

आतां आमच्या भगिनींच्या घराकडे वळूं. सर्वांत पहिलें पथ्य घरच्यांनींच पाळावयाचें आहे: तिला खोदून विचारूं नये. आपल्या घरांत माणसें फार. प्रत्येक येणारा पाहुणा चहाबरोबर "तिकडे काय काय पाहिलेंस, सांग तरी" म्हणणार, आणि सासऱ्यांच्या आग्रहास्तव ती बिचारी सांगत बसणार. आघातानंतर माणसास एकदां बसवून सारी हकीकत वदवून घेतली कीं मन मोकळें होतें, असें पूर्वीं तज्ज्ञांनाहि वाटे. अभ्यासाअंतीं दिसलें कीं त्यानें लाभ होत नाहीं, कित्येकांना उलट त्रासच होतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०११ सालीं मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली, तिचें सूत्र पाहा, ऐका आणि मदतीशीं जोडून द्या, एवढेंच आहे. ऐकणें म्हणजे वदविणें नव्हे. मोठ्या जावेबरोबर भाजी निवडतांना ती आपण होऊन चार वाक्यें बोलली, तर तीं ऐकावीं, मध्येंच उपदेश करूं नये, आणि ती गप्प झाली तर आपणहि गप्प राहावें. जेवणाखाणाच्या व निजण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्या. तिला रिकामी बसवूं नये आणि घरकामाला जुंपूंहि नये. घरांत लग्नमुंज असेल तर फटाके केव्हां उडणार हें तिला आधीं सांगून ठेवावें. कळलेल्या आवाजाला शरीर इतकें दचकत नाहीं. देवदर्शनास तिला जावयाचें असेल, तर पौर्णिमा व रविवार सोडून साध्या वारीं न्यावें.

एवढें करूनहि महिना उलटला, आणि झोंप येत नाहीं, तींच दृश्यें पुन्हां पुन्हां डोळ्यांपुढें येतात, माणसांत मिसळवत नाहीं, असें दिसलें, तर घरगुती उपायांची मर्यादा संपली असें समजावें. जगणें नकोसें झाल्याचा शब्द तिच्या तोंडून निघाला, तर महिनाहि थांबूं नये. अशा आघातावर पद्धतशीर बोलण्याचे उपचार आहेत, त्यांचा गुण येतो. जरूर तर औषधेंहि आहेत. कोल्हापुरांत छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. शिवाय सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठींतहि बोलतां येतें. मनोविकारतज्ज्ञाकडे गेल्यानें घराण्याचें नांव जातें असें ज्यांना वाटतें, त्यांना आमचें सांगणें कांहीं नाहीं. मात्र त्यांनीं वाटेंत आडवें येऊं नये.

राहिला प्रश्न तिच्या पुन्हां जाण्याचा. येथें आमचें मत कदाचित् भगिनींना रुचणार नाहीं. तिला आडवूं नये. पुष्कळांना त्या कामांतच आपल्या जगण्याचा अर्थ सांपडलेला असतो, आणि शपथा घालून घरीं ठेवलेलें माणूस बरें होतेंच असें नाहीं. पण झोंप परत येईपर्यंत जाऊंहि देऊं नये. आणि करारावर सही करण्यापूर्वीं त्या संस्थेस घरच्या वडीलधाऱ्यांनीं नव्हे, तिनें स्वतः विचारावें: पाळी किती तासांची, सुटी किती आठवड्यांनीं व ती त्या मुलखाबाहेर मिळते काय, मन जड झालें तर वरिष्ठांस न कळतां कोणापाशीं बोलतां येतें, आणि परत आल्यावर संस्था किती महिने चौकशी ठेवते. पगाराचा आकडा त्यानंतर विचारला तरी चालेल. उत्तरें समाधानकारक नसतील, तर दुसरी संस्था पाहावी. अशा परिचारिकांची जगांत वाण आहे, आणि तिला निवड करतां येईल.