मूळ उंची

मोटार ही आमच्या निपाणीत आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. तरीही गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने कोल्हापुराहून जुनी ‘पोलो जीटी’ आणली, तेव्हा गल्लीतील मुले तिच्याभोवती जमली. पुण्याजवळच्या चाकण येथे तयार होणारी आणि २०२२ साली उत्पादन थांबलेली ही गाडी. ती अस्सल स्पोर्ट्स कार नव्हे. परंतु वेगाची हौस असलेले तरुण तिला त्याच पंक्तीत बसवतात. आधीच्या मालकाने स्प्रिंगा कापून तिची उंची सुमारे पाच सेंटिमीटरांनी कमी केली होती. दबा धरून बसलेल्या जनावरासारखी ती दिसे. पुतण्या खूश होता. मी मात्र शिक्षकी सवयीने पहिल्याच दिवशी दोन शब्द सुनावले. अशा सुनावण्याचा जेवढा परिणाम होतो, तेवढाच झाला.

गाडी खाली घेण्यामागे काही शास्त्र नाही असे नव्हे. गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर गाडी कमी कलते. शर्यतीच्या सपाट मार्गावर याचा निश्चित उपयोग होतो. या हौसेला इतिहासही आहे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांतील तरुणांनी आपल्या जुन्या गाड्या जमिनीलगत आणल्या व त्यांतून संथपणे, दिमाखात फिरण्याची रीत पाडली. १९५७ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला, की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या धातूच्या कडेखाली येता कामा नये. त्यावर १९५९ साली रॉन अगिरे या तरुणाने हायड्रॉलिक यंत्रणा बसवली आणि गाडी हवी तेव्हा खाली, हवी तेव्हा वर करण्याची सोय केली. आपली गाडी चारचौघांत उठून दिसावी, ही इच्छा निपाणीत आणि लॉस एंजेलिसमध्ये सारखीच.

फरक आहे तो रस्त्याचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. पुतण्याच्या गाडीचे पोट मुळात जमिनीपासून साधारण साडेसोळा सेंटिमीटर वर. त्यातून पाच वजा केले, चार माणसे बसल्यावर गाडी आणखी दबते ते वजा केले, तर शिल्लक काय राहते हे सातवीतला विद्यार्थीही सांगेल. शिवाय गावोगावच्या गतिरोधकांनी ते मानक वाचलेले नसते!

आषाढातली गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास दादांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंच्या छातीत कळा येऊ लागल्या. पुतण्याने गाडी काढली. दादा, वहिनी आणि मी बसलो. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर. पण महामार्गाला लागण्यापूर्वीच, पावसात न दिसलेल्या एका गतिरोधकावर गाडीचे पोट आपटले. ऑइल चेंबर फुटला. लाल दिवा लागला आणि इंजिन बंद करावे लागले. भाजीचा एक टेंपो येईपर्यंत वीस मिनिटे आम्ही पावसात उभे होतो. वहिनी दादांच्या छातीवर हात ठेवून बसल्या होत्या. पुतण्या कुणाकडेच पाहत नव्हता.

दादा वाचले. त्यांनी मुलाला एका शब्दाने बोल लावला नाही. चौथ्या दिवशी पुतण्या आपण होऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काका, गाडी होती तशी करायची आहे.”

होते तसे करणे किती अवघड, हे मग कळले. आमच्या एका हाताला कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर, दुसऱ्या हाताला बेळगावचे उद्यमबाग. लेथ आणि कुशल हात यांची इकडे वानवा नाही. एका गॅरेजवाल्याने सुचवले, की स्प्रिंगेखाली जाड कडी बसवली की गाडी संध्याकाळपर्यंत वर येईल. खर्चही किरकोळ. पुतण्याला ते पटत होते. परंतु आमच्या ओळखीच्या वृद्ध मिस्त्रींनी मान हलवली. “गुरुजी, उंची दिसंल; पण स्प्रिंग तुटकीच राहणार की!”

त्यांनी समजावले ते असे. स्प्रिंगेची वेटोळी कमी झाली की ती अधिक कडक होते आणि तिला दबण्यासाठी जागाही उरते थोडी. मग प्रत्येक खड्ड्याचा हादरा शॉकअॅब्सॉर्बर, ज्याला गॅरेजात ‘शॉकअप’ म्हणतात, त्याला आणि बसणाऱ्याच्या पाठीला सोसावा लागतो. कडी बसवून अंतर वाढेल, गेलेला मऊपणा परत येणार नाही.

प्रथम सपाट फरशीवर गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून वहीत लिहिले. त्या इंजिनाच्या गाडीला कोणत्या रंगखुणेच्या स्प्रिंगा लागतात हे पाहून मूळ बनावटीच्या स्प्रिंगा मागवल्या. पुढच्या दोन आणि मागच्या दोन, जोडीनेच. जुने खोलले तेव्हा आघात झेलणाऱ्या रबरी गुटख्यांचा भुगा झालेला होता आणि शॉकअप गळत होते. तेही बदलले. पुढची स्प्रिंग शिकंजात आवळूनच काढावी व बसवावी लागते. ती निसटली तर जिवावर बेतते, म्हणून हे काम घरी करण्याचे नव्हे. रबरी बुश असलेले बोल्ट मिस्त्रींनी गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळले. अधांतरी आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते. शेवटी व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत. स्प्रिंगा कापायला एखादी दुपार पुरली असेल. त्या परत करायला सतरा दिवस लागले.

मराठीचा विद्यार्थी म्हणून मला या दिवसांत एकनाथ महाराज आठवत होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मधल्या तीन शतकांत ज्यांनी पाठ बदलले, त्यांना ते फार सोपे गेले असेल. नाथांना मात्र प्रती जुळवून मूळ शब्द शोधावा लागला. जागा कशीबशी भरून काढणे त्यांनाही शक्य होते. त्यांनी ते केले नाही. मोठ्या कार्याशी या लहान कामाची तुलना वाचकांनी क्षमा करावी. पण मिस्त्रींनी कडी नाकारली, तेव्हा मला तोच धर्म दिसला.

कायद्याची बाजूही सांगितली पाहिजे. नोंदणीतील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे तत्त्व अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलास प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची तर नोंदणी बदलावी लागते. आमच्यासारख्या सीमेवरच्या माणसांना हे नित्याचेच. एमएच ०९ ची गाडी केए २३ होताना ती मूळ रूपात असलेली बरी. आपल्यापैकी कुणाच्या घरी मुलगा जुनी गाडी घेणार असेल, तर रंग पाहण्यापूर्वी वाकून स्प्रिंगा पाहाव्यात. टोक करवतीने कापलेले असेल, तर नव्या स्प्रिंगा आणि शॉकअपचा खर्च किमतीत धरावा.

मला स्वतःलाही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या पहिल्या दिवशी मी सुनावले, पण टेप घेऊन मोजले नाही. साडेसोळातून पाच वजा करण्याचे गणित मी तेव्हाच पुतण्यासमोर मांडले असते, तर कदाचित ती रात्र टळली असती.

गेल्या महिन्यात दादांना तपासणीसाठी त्याच गाडीतून कोल्हापूरला नेले. गल्लीतील मुले आता तिच्याकडे वळून पाहत नाहीत. तो गतिरोधक आला, पुतण्याने वेग कमी केला, गाडी अलगद वर चढली आणि उतरली. वहिनींचा हात पुढच्या सीटवर घट्ट होता, तो सैल झाला. दादा खिडकीतून बाहेर उसाकडे पाहत होते. त्यांना गतिरोधक आल्याचे कळलेही नाही.